गुडघा मधेच अडकतो आणि एक्स-रे मात्र नॉर्मल? सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिसचं निदान पायरीपायरीने कसं करून घ्यायचं

मी पुण्यात कोथरूडला राहतो, वय ४४. दोन वर्षं माझा उजवा गुडघा मधेच अडकायचा आणि दोन वर्षं सगळीकडून एकच ऐकलं, झीज सुरू झालीये, वजन कमी करा, मांडी घालू नका, जिने टाळा. वजन कमी केलं, मांडी सोडली, रविवारची पर्वती सोडली, गणपतीत पथकात ढोल घेणं सोडलं, गुडघा काही अडकायचा थांबला नाही. शेवटी नाव कळलं, सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एका ट्रेमध्ये ठेवलेले दाणे दाखवले, पांढरे, गुळगुळीत, काही साबुदाण्याएवढे तर काही भिजवलेल्या शेंगदाण्याएवढे, चाळीसच्या वर होते. आणि पहिल्या एक्स-रेत यातला एकही दिसला नव्हता.

म्हणून हे सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, निदान डॉक्टरच करणार, पण त्यांच्यासमोर काय ठेवायचं, कुठल्या क्रमाने तपासण्या होतात, कुठल्या रिपोर्टवर थांबायचं नाही आणि काय विचारायचं हे आधी माहीत असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. बहुतेक उदाहरणं गुडघ्याची आहेत कारण हा आजार सगळ्यात जास्त गुडघ्यातच होतो, खुबा, कोपर, खांदा, जबडा यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आधी, हे होतं काय

आपल्या सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम. सांध्यातलं वंगण तेच बनवतं. या आजारात त्या अस्तराच्या आतच कार्टिलेजचे, म्हणजे कुर्च्याचे, बारीक बारीक कोंब तयार व्हायला लागतात. ते वाढतात, मग देठ तुटल्यासारखे सुटतात आणि सांध्यात मोकळे फिरायला लागतात, त्यांना डॉक्टर लूज बॉडी म्हणतात, काही जुने डॉक्टर जॉइंट माइस असंही म्हणतात कारण बोट लावलं की उंदरासारखे पळतात. गंमत म्हणजे सुटल्यावर ते मरत नाहीत. कार्टिलेजला रक्तपुरवठा लागतच नाही, सांध्यातल्या पाण्यातूनच त्याचं पोषण होतं, त्यामुळे मोकळा तुकडासुद्धा हळूहळू मोठा होत राहतो. नंतर काहींमध्ये कॅल्शियम बसतं, काहींचं चक्क हाड होतं.

साधारण तिशी ते पन्नाशीत हे जास्त दिसतं, बायकांपेक्षा पुरुषांमध्ये जवळपास दुप्पट, आणि बहुतेक वेळा एकाच सांध्यात. कॅन्सर नाही. पूर्वी याला अस्तराची नुसती प्रतिक्रिया समजायचे, आता बऱ्याच पेशंटच्या या पेशींमध्ये फायब्रोनेक्टिनच्या जीनमध्ये बदल सापडल्यामुळे ही साधी, न पसरणारी गाठच आहे असं मानतात. आणि हो, दूध, कॅल्शियमच्या गोळ्या, टोमॅटो, यांचा काहीही संबंध नाही. माझ्या आईने सहा महिने माझं दूध बंद केलं होतं, "अरे कॅल्शियमच साठलंय ना तुझ्या गुडघ्यात, मग कशाला पितोस," म्हणून. आईची काळजी खरी होती, पण हे कॅल्शियम खाण्यातून येत नाही.

१९७७ साली मिलग्रॅम नावाच्या डॉक्टरने या आजाराचे तीन टप्पे सांगितले आणि ते आजही वापरतात. पहिल्या टप्प्यात आजार फक्त अस्तरात, मोकळा तुकडा एकही नाही. दुसऱ्यात अस्तरातही कोंब आणि सांध्यातही तुकडे. तिसऱ्यात अस्तर शांत झालेलं असतं, फक्त तुकडे उरतात. हे लक्षात ठेवा कारण कुठली तपासणी काय दाखवेल हे तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात यावर अवलंबून आहे, आणि पहिल्या टप्प्यातला माणूस सगळ्यात जास्त वेळा रिकाम्या हाताने घरी परत येतो.

पायरी १: अडकण्याची वही

ओपीडीत आपल्याला पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात आपण "गुडघा दुखतो" एवढंच बोलतो आणि चाळिशीतला माणूस गुडघा दुखतो म्हणाला की समोरच्याच्या डोक्यात पहिलं झीजच येणार. म्हणून जायच्या आधी तीन-चार आठवडे साध्या वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मी हे दोन वर्षांनी केलं आणि त्याच वहीने गाडी रुळावर आली.

काय लिहायचं? सगळ्यात महत्त्वाचं, अडकणं म्हणजे नेमकं काय. दुखतं म्हणून वाकवता येत नाही हे वेगळं, आणि आत काहीतरी दारात खडा अडकावा तसं अडकलंय आणि पाय सरळच होत नाही हे वेगळं. दुसरं असेल तर तसं स्पष्ट सांगा. मग, दर वेळी एकाच ठिकाणी अडकतो का वेगवेगळ्या? गादी फाटली असेल, म्हणजे मेनिस्कस, तर साधारण ठरलेल्या कोनात, ठरलेल्या हालचालीला, ठरलेल्या बाजूला दुखतं. मोकळा तुकडा फिरत असतो, त्यामुळे आज आतल्या बाजूला, परवा वाटीच्या वर, कधी जिना उतरताना, कधी नळ स्टॉपच्या सिग्नलला स्कूटरवरून पाय टेकवताना. आणि पाय झटकला, थोडा हलवला की एकदम कट् करून सुटतो, जणू काही झालंच नव्हतं. माझ्या वहीत एका महिन्यात नऊ वेळा अडकल्याची नोंद होती आणि त्यातल्या सहा जागा वेगळ्या होत्या, हे वाचल्यावर डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसले.

सूज कधी येते तेही लिहा. सिंहगड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगतो आणि चार दिवसांनी उतरतो, असं काही. सकाळी उठल्यावर आखडलेपणा किती वेळ राहतो, दहा मिनिटं का तासभर, कारण तासभर असेल तर संधिवाताकडे बघावं लागतं. दोन्ही पाय शेजारी ठेवून सुजलेल्या गुडघ्याचे फोटो काढा. ज्या दिवशी तुमची अपॉइंटमेंट असते त्या दिवशी गुडघा हमखास शहाण्यासारखा वागतो, फोटो असला की वाद उरत नाही. गुडघ्यावर हात फिरवताना आत एखादी गाठीसारखी गोळी जाणवली आणि दाबल्यावर पळाली तर कुठे जाणवली तेही लिहा. मला वाटीच्या वरच्या बाजूला जाणवायची, अंघोळ करताना.

जुन्या गोष्टी विसरू नका, कधी पडलात का, लिगामेंटला मार लागला होता का, आधी कधी ऑपरेशन झालंय का, घरात कोणाला टीबी होता का.

एक कळकळीची विनंती. अडकलेला गुडघा कोणाकडून जोर लावून सरळ करून घेऊ नका, ना हाडवैद्याकडून ना जिममधल्या ट्रेनरकडून. आत तुकडा असेल तर तो चांगल्या कुर्च्यावर घासला जातो आणि ते नुकसान भरून येत नाही.

पायरी २: डॉक्टरांचा हात गुडघ्याला लागलाच पाहिजे

ऐकायला विचित्र वाटेल पण माझा गुडघा पहिल्या दोन ठिकाणी कोणी हात लावून तपासलाच नाही, पँट वर करायच्या आधीच एक्स-रेची चिठ्ठी मिळाली. तर शॉर्ट्स घालून जा, म्हणजे निमित्तच उरत नाही, आणि दोन्ही गुडघे उघडे ठेवा, तुलना लागते.

यात बघतात काय, तर पाणी साठलंय का (वाटी दाबली की ती टकटक खाली लागते), पूर्ण वाकतो का आणि पूर्ण सरळ होतो का, हालवताना आत करकर लागते का, वाटीच्या वरच्या खिशात आणि मागे लवणीत गोळ्या हाताला लागतात का. मागे लवणीत फुगा असेल, ज्याला बेकर सिस्ट म्हणतात, तर त्यातही तुकडे जाऊन बसतात म्हणून तिथे नीट बघायला सांगा. मांडीचा स्नायू बारीक झालाय का तेही टेपने मोजतात. यातलं काहीच सापडलं नाही तरी आजार नाही असं होत नाही, पण सापडलं तर पुढची चिठ्ठी वेगळी लिहिली जाते.

पायरी ३: एक्स-रे, आणि त्याचा अर्थ

सुरुवात एक्स-रेनेच करायची, स्वस्त आहे, पटकन होतो. पण नुसता समोरून आणि बाजूने काढून थांबू नका. उभं राहून समोरून, थोडा वाकवून बाजूने, वाटीसाठीचा स्कायलाइन आणि दोन हाडांच्या मधली खाच दिसणारा टनेल व्ह्यू, हे मिळून बरंच कळतं. तुकडे नेमके वाटीच्या वरच्या खिशात, खाचेत आणि मागच्या बाजूला लपतात.

या आजाराचा पाठ्यपुस्तकी एक्स-रे म्हणजे सांध्याभोवती पुष्कळ, साधारण एकाच आकाराचे गोल दाणे, काहींच्या कडेला कड्यासारखं कॅल्शियम. असा एक्स-रे दिसला की निदान जवळपास तिथेच होतं.

आता मुख्य मुद्दा. शुद्ध कार्टिलेज एक्स-रेत दिसत नाही. त्यात कॅल्शियम बसलं तरच दिसतं. बऱ्याच पेशंटमध्ये ते बसलेलं असतं, साधारण शंभरातल्या ७० ते ९५ जणांमध्ये असं सांगतात, पण उरलेल्यांचं काय? त्यांचा एक्स-रे क्लीन येतो किंवा फक्त "थोडी सूज" असा येतो. मी त्या उरलेल्यांपैकी होतो. नॉर्मल एक्स-रेचा अर्थ एवढाच की कॅल्शियम बसलेला तुकडा दिसला नाही. गुडघा अडकत असेल, सुजत असेल आणि एक्स-रे नॉर्मल असेल तर पुढची तपासणी व्हायलाच पाहिजे, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

उलटी चूकही होते. गुडघ्याच्या मागे पोटरीच्या स्नायूत काही लोकांना एक छोटं हाड असतं, फॅबेला. एक्स-रेत ते लूज बॉडीसारखंच दिसतं. ओळखायचं कसं, तर ते नेहमी त्याच ठिकाणी असतं. जुना एक्स-रे असेल तर शेजारी लावून बघा, पाच वर्षांपूर्वीही दाणा तिथेच होता तर तो फॅबेला असण्याची शक्यता जास्त, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. म्हणूनच जुन्या फिल्म टाकून देऊ नका, दिवाळीच्या आवराआवरीत पहिलं तेच रद्दीत जातं.

पायरी ४: रक्त आणि सांध्यातलं पाणी

सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस सांगणारी रक्ताची तपासणी नाही. ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या), युरिक ॲसिड, संधिवाताचा आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, हे सगळं बाकीचे आजार बाजूला काढण्यासाठी करतात, आणि या आजारात सहसा नॉर्मलच येतं.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवायलाच हवी, टीबी. सांध्याच्या टीबीत आणि जुन्या संधिवातातही सांध्यात तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे होतात, त्यांना राइस बॉडीज म्हणतात. ते कार्टिलेजचे नसतात, फायब्रिनचे असतात, पण सोनोग्राफीत आणि घाईत बघितलेल्या एमआरआयमध्ये फसवू शकतात. एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलेला, संध्याकाळचा कणकण ताप, वजन उतरतंय, मांडी झपाट्याने बारीक झालीये, असं असेल तर डॉक्टरांना टीबीचं आपणहून विचारा, लाजू नका. इलाज पूर्ण वेगळा आहे आणि उशीर झाला तर सांधा जातो.

पाणी जास्त असेल तर सुईने काढून तपासतात, त्यात पेशी, क्रिस्टल आणि जंतू बघतात. पाणी काढून टाकलं की आराम वाटतो, पण ते फेकून देऊ नका म्हणा, तपासायला गेलंच पाहिजे. आणि गुडघा गरम लाल झालाय, ताप आहे, पाय हलवताच येत नाही, असं अचानक झालं तर वही वगैरे सोडा, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा, सांध्यात पू झाला असू शकतो.

याच टप्प्यावर लोकांना गुडघ्यात इंजेक्शन सुचवतात, स्टेरॉइड, जेल, पीआरपी (आपल्याच रक्तातून बनवलेलं). माझं मत स्पष्ट आहे, निदान न होता इंजेक्शन घेऊ नये. मी एक घेतलं, दोन महिने बरं वाटलं, आणि ते दोन महिने तपासणी पुढे ढकलली गेली.

पायरी ५: सोनोग्राफी

जास्त लिहीत नाही. पाणी किती आहे, अस्तर जाड झालंय का, तुकडे दिसतात का, हे स्वस्तात कळतं, कॅल्शियम नसलेले तुकडेही पाण्यात तरंगताना दिसू शकतात. पण करणाऱ्याच्या हातावर खूप अवलंबून आहे आणि सांध्याच्या खोल भागात ती पोचत नाही. सांध्यांची सोनोग्राफी नेहमी करणारे कोण आहेत ते विचारून तिथेच जा.

पायरी ६: एमआरआय, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते

माझा एमआरआय दोनदा वाचला गेला. फिल्म तीच, रिपोर्ट दोन. पहिल्यात लिहिलं होतं, सांध्यात पाणी, मेनिस्कसमध्ये ग्रेड टू बदल, लवकरची झीज. आठ महिन्यांनी तीच सीडी फक्त हाडं-सांध्यांचेच एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे गेली. त्यांनी स्क्रीनवर मलाच दाखवलं. "हे बघा, तुम्हाला हे सगळं पांढरं पाणी दिसतंय ना, याच्या कडा बघा, पाण्याला अशा गोल गोल कडा नसतात."

का चुकतं ते सांगतो. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. आणि कच्च्या कार्टिलेजमध्ये पाण्याचं प्रमाण इतकं असतं की तेही जवळजवळ तसंच पांढरं दिसतं. साबुदाणा भिजत घातला आणि पाणी जास्त झालं की वरून बघताना दाणा कुठला आणि पाणी कुठलं ते कळत नाही, अगदी तसं. कॅल्शियम बसलं की मात्र त्यात काळे ठिपके दिसतात आणि हाड झालं की आतली चरबी चमकते, मग ओळखणं सोपं.

तर एमआरआयला जाताना हे करा.

चिठ्ठीवर फक्त "गुडघेदुखी" लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विनंती करून दोन ओळी जास्त लिहून घ्या, वारंवार लॉकिंग, वारंवार सूज, लूज बॉडी किंवा सायनोव्हियमचा आजार आहे का पाहावे. रेडिओलॉजिस्ट समोर पेशंट न बघता शेकडो चित्रं बघत असतो, काय शोधायचं हे कळलं की नजर तिथे जाते. मी यावर कितीही जोर दिला तरी कमीच आहे.

ग्रेडियंट इको नावाचा सीक्वेन्स घेणार का ते विचारा. यात कॅल्शियम आणि जुनं साकळलेलं रक्त, दोन्ही ठळक काळं दिसतं. याचा उपयोग असा की पीव्हीएनएस नावाचा दुसरा एक अस्तराचा आजार आहे, त्यातही एकच गुडघा सुजतो, त्यातही अस्तरात गाठी होतात, पण त्यात वारंवार रक्तस्राव होऊन लोह साठतं. मग काळं दिसलं ते कॅल्शियम का लोह? इथे एक्स-रे किंवा सीटी शेजारी ठेवायचा, काळ्या ठिपक्यांच्या जागी एक्स-रेत पांढरे दाणे दिसले तर कॅल्शियम, काहीच नसेल तर लोहाचा संशय. म्हणून एमआरआयला जाताना एक्स-रे सोबत न्यायचाच. कितीजण नेत नाहीत!

टीबीच्या राइस बॉडीज टी-टूमध्ये सहसा इतक्या पांढऱ्या नसतात, हेही रेडिओलॉजिस्टला माहीत असतं, फक्त प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, लागेलच असं नाही, ते रेडिओलॉजिस्ट ठरवतात. दिलं तर किडनीची तपासणी आधी बघतात. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगा. पुण्यात एमआरआयचे दर सेंटरगणिक बरेच वेगळे आहेत, तीन-चार ठिकाणी फोन करून विचारा, आणि दराबरोबर हेही विचारा की रिपोर्ट कोण देतं आणि सीडी मिळते का. नुसत्या छापील फिल्मवर दुसरं मत घेणं अवघड जातं, सीडी किंवा लिंक हवीच.

सीटी कधी

सीटी कॅल्शियमचे बारीक दाणे आणि हाडाला पडलेले खड्डे सगळ्यात स्वच्छ दाखवतो. एमआरआयने शंका राहिली, किंवा खुब्यासारख्या खोल सांध्यात हाड किती खाल्लं गेलंय बघायचं असेल, किंवा ऑपरेशनच्या आधी तुकड्यांचा नकाशा हवा असेल तर करतात. सरसकट नाही, रेडिएशन असतं.

पायरी ७: मूळ आजार का झिजेचे तुकडे?

लूज बॉडी दिसली म्हणजे हाच आजार असंही नाही, आणि हा फरक डॉक्टरांशी बोलूनच घ्या. झीज, जुना मार, कुर्च्याचा टवका उडणं, यातूनही तुकडे सुटतात. त्याला दुय्यम प्रकार म्हणतात. तिथे तुकडे सहसा कमी असतात, लहानमोठे असतात आणि ते कुठून उडाले ती जागा किंवा झीज चित्रात दिसते. मूळ आजारात तुकडे पुष्कळ, बरेचसे एकसारखे, आणि किमान सुरुवातीला तरी सांधा बाकी चांगला. पण वर्षानुवर्षं तुकडे घासून मूळ आजारातही झीज होतेच, मग पन्नाशीच्या पुढे कोंबडी आधी का अंडं आधी असा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर फक्त मायक्रोस्कोपखाली मिळतं.

घाबरवायचं नाहीये, पण लिहायला हवं. क्वचित कार्टिलेजचा कॅन्सर, कॉन्ड्रोसार्कोमा, असाच दिसतो, किंवा फारच क्वचित या आजारातून होतो. झोपमोड करणारं रात्रीचं दुखणं, झपाट्याने वाढणारी गाठ, हाडाच्या मगजात किंवा सांध्याबाहेर पसरलेलं दिसणं, साफ केल्यावर पुन्हापुन्हा लवकर येणं, यातलं काही असेल तर हाडांच्या ट्यूमरचं काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणाला सुई किंवा दुर्बीण घालू देऊ नका. हाडाला दाबाने पडलेला खड्डा एकटाच असेल तर तो साध्या आजारातही असतो, खास करून खुब्यात.

पायरी ८: दुर्बीण आणि पॅथॉलॉजी

पक्कं निदान इथे होतं. आर्थ्रोस्कोपीत डॉक्टर आत बघतात, तुकडे काढतात आणि अस्तराचा आजारी भाग काढतात. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, त्रास नसेल तर लक्ष ठेवूनही चालतं, पण अडकत असेल तर बहुतेक वेळा करावं लागतं.

आधी सर्जनशी तीन गोष्टी बोला. एक, गुडघ्याच्या मागच्या कप्प्यात दुर्बीण घालून बघणार का, कारण पुढून सहज दिसत नाहीत असे तुकडे तिथे राहून जातात. दोन, तपासायला फक्त तुकडे पाठवणार का अस्तरही? अस्तर गेलंच पाहिजे. आजार अजून चालू आहे का शांत झालाय, मूळ आहे का दुय्यम, हे अस्तराशिवाय नीट सांगता येत नाही. मूळ आजारात कार्टिलेजच्या पेशी घोळक्या-घोळक्याने बसलेल्या दिसतात, दुय्यम तुकड्यात मधे जुना हाडाचा किंवा कुर्च्याचा टवका आणि भोवती झाडाच्या खोडासारखी वर्तुळं. तीन, टीबीची जराही शंका असेल तर एक भाग फॉर्मेलिनमध्ये न घालता सलाइनमध्ये पाठवायचा, फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या तुकड्यावर कल्चर होतच नाही आणि मग सगळं परत पहिल्यापासून.

पॅथॉलॉजी लॅबला एक्स-रे आणि एमआरआयचे रिपोर्ट पाठवा. या आजारातल्या पेशी मायक्रोस्कोपखाली कधीकधी जरा आडदांड दिसतात आणि चित्रं न बघता नुसत्या स्लाइडवर कॅन्सरचा शेरा पडू शकतो. तसा शेरा आला तर खचून जायच्या आधी स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे.

बाकीचे सांधे, थोडक्यात

खुब्यात निदान सगळ्यात उशिरा होतं. जांघेत दुखतं, मांडी घालता येत नाही, मोजे घालताना त्रास होतो, आणि लोक कमरेचा एमआरआय करत बसतात. हाताला काही लागत नाही, एक्स-रे बऱ्याचदा क्लीन, म्हणून जांघेतलं दुखणं महिनोन्‌महिने असेल तर खुब्याचाच एमआरआय मागा, काही वेळा सांध्यात औषध घालून काढलेला एमआरआय लागतो. कोपरात हात पूर्ण सरळ न होणं हे पहिलं लक्षण असू शकतं. खांद्याला फ्रोझन शोल्डर म्हणून मोडीत काढतात. जबड्याच्या सांध्यात कानापुढे सूज, तोंड कमी उघडणं, कटकट आवाज, तिथे दातांच्या आणि जबड्याच्या सर्जनकडे जायचं.

पुण्यात हे सगळं जमवताना

पुण्यात डॉक्टरांची कमी नाही, अडचण वेगळीच आहे, प्रत्येक ठिकाणी आपण गोष्ट नव्याने आणि अर्धवट सांगतो. एक जाड फाइल करा, वर एका पानावर तारखा, सर्वात जुना एक्स-रे खाली, नवीन वर. पहिल्या भेटीला जवळचा ऑर्थो चालेल. वही आणि एक्स-रे दाखवून पुढे गुडघ्याच्या दुर्बिणीचं काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जा. खर्चाची अडचण असेल तर स्टेशनजवळचं ससून हॉस्पिटल आहे, पिंपरीकडच्यांना वायसीएम हॉस्पिटल. सकाळी लवकर केसपेपर काढा, वेळ जातो हे खरं, पण ससूनला मेडिकल कॉलेज जोडलेलं असल्यामुळे ऑर्थो, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात आहेत आणि या आजारात या तिघांनी एकमेकांशी बोलणंच सगळ्यात गरजेचं असतं. सोबत घरचं कोणीतरी न्या. मी गडबडून विसरायचो ते सगळं आमच्या हिने डॉक्टरांना सांगितलं, "अहो डॉक्टर, रात्री कुशीवर वळताना पण अडकतो यांचा, हे सांगणार नाहीत तुम्हाला."

ऑपरेशननंतरही फाइल बंद करू नका. हा आजार काही जणांना परत येतो, अस्तर राहिलं असेल तर जास्त. डिस्चार्ज घेताना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला का विचारा, तो बऱ्याचदा नंतर येतो आणि न्यायचा राहूनच जातो. ऑपरेशननंतरचा एक साधा एक्स-रे काढून ठेवा, पुढे कधी शंका आली तर तुलना करायला. माझा पुढच्या महिन्यात आहे, वही परत सुरू केलीये, आत्तापर्यंत अडकल्याची नोंद एकही नाही.